दोन वेबसाइट्स आणि एक ठराव

मुलुंडमध्ये कुणाला आजारी पडायचं असेल तर आधी आमच्या शेजारच्या भाऊजींची परवानगी लागते. पंधरा वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होते. खुर्ची गेली, सवय राहिली. बायको जाऊन सहा वर्षं झाली, एकटा माणूस, हातात मोबाइल. कुणाला डॉक्टरांनी गोळी लिहून दिली की यांची चौकशी समिती बसलीच. बरं, वाचतात तेही कसंतरी नाही हं, अगदी नियमाने. एका वेबसाइटने सांगितलं की ती सूचक, तेच दुसरीने सांगितलं की ती अनुमोदक. ठराव मंजूर, प्रिंट काढून फाइलला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं थायरॉइड त्यांनी असंच एकमताने फेटाळलं होतं. डॉक्टर एवढी वर्षं शिकतात ती आपली हौस म्हणून.

आमचे हे गेल्यावर माझी झोप उडाली, जेवण सुटलं, टीव्हीवरच्या हवामानाच्या बातम्या बघूनही रडू यायला लागलं. मुलीने मला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डिप्रेशनची गोळी दिली. दीडेक महिन्यात जरा माणसात आले, तर भाऊजी फाइल घेऊन दारात. "वहिनी, या गोळीची सवय लागते. आजच बंद करा. दोन साइट्स आहेत." दोन म्हटल्यावर माझं काय चालणार? मीही शहाणी, केली बंद.

तिसऱ्या दिवशी डोकं गरगरायला लागलं, आणि कुकरची शिट्टी झाली तरी हुंदका येई. भाऊजी घाबरले. स्वतः रिक्षा आणली, डॉक्टरांसमोर स्वतःच फाइल ठेवली. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी धरले. "काका, मजकूर शब्दन् शब्द एकच आहे. एकाने दुसऱ्याचा उचललाय. आणि खाली बघा, दोघांकडे एकाच काढ्याची जाहिरात." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काकू, ही गोळी अशी एकदम थांबवायची नसते. वेळ आली की मीच हळूहळू कमी करीन. काही वाचलंत तर आधी मला दाखवा."

येताना भाऊजी गप्प. सभेत यांना गप्प करायला आम्ही काय काय नाही केलं, आणि आता मलाच ते सोसवेना. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणाले, "आमच्या हिलाही अशाच गोळ्या होत्या, वहिनी. तेव्हा मी एक अक्षर वाचलं नाही. घेते की नाही, तेही कधी विचारलं नाही."

मी म्हटलं, "मग मला विचारत जा. रोज नऊला."

आता रोज नऊला बेल वाजते. गोळी मी साडेआठलाच घेतलेली असते. पण ते दारात उभे असतात, म्हणून पाण्याचा ग्लास तेवढा त्यांच्यासमोर पिते.