भागामावशींनी तासलेले आकडे

पोस्टमन असो की लसीकरणाला आलेली नर्सबाई, भागामावशींचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कोनी धाडलंय तुला?" भाऊबीजेला आलेल्या सख्ख्या भावालाही त्यांनी तो विचारला होता म्हणतात.

मला विचारला तेव्हा माझ्या हातात लाल रंगाचा डबा आणि ब्रश होता. राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या त्यांच्या वाडीत मी एका संस्थेसाठी शेकरूची घरटी नोंदवायला गेले होते. शेकरू म्हणजे झुपकेदार शेपटीची, मांजराएवढी तांबूस खार. ती सहसा जमिनीवर उतरत नाही, फांदीवरून फांदीवर उडी घेत जाते. मधलं एक झाड पडलं तरी तिची वाट तुटते. त्या जंगलातून जाणारा रस्ता आता रुंद होणार होता. "रस्त्यालगतच्या घरट्यांच्या झाडांवर आकडे टाका, म्हणजे ती वाचवता येतील," असं मला आमच्या साहेबांनी सांगितलं होतं.

मावशी उभा जन्म त्या रानात हिरडा गोळा करत आलेल्या. कुठल्या झाडावर घरटं आहे ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी विचारलं, तेव्हा त्यांनी सुपातून मान वर न करता सांगितलं, "वढ्याच्या पल्याड बघ. लई हायती तिकडं."

तीन दिवस मी ओढ्यापलीकडे फिरले. करवंदीच्या जाळ्यांनी हात ओरबाडून निघाले, घरटं एकही दिसलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी तोंडभर हसून विचारलं, "घावली का?" म्हातारी मला फिरवते आहे, हे मला तेव्हा कळलं.

मग मी माझी मीच रस्त्याच्या कडेनं शोधत गेले आणि सापडेल त्या झाडावर आकडा टाकला. आठवड्याभरानं पाहते तर निम्मे आकडे गायब. साल कोयत्यानं तासलेली, आतलं लाकूड ओलं. चहाच्या टपरीवर कुणीतरी हळूच म्हणालं, "भागामावशीचा पुतन्या रस्त्याच्या ठेकेदाराकडंच ट्रॅक्टर चालवतो, ठावं हाय ना?" मला सगळं जुळल्यासारखं वाटलं. आकडाच नसला, तर घरट्याचं झाड बिनबोभाट पाडता येतं. मी तडक मावशींच्या ओट्यावर गेले. कोयता दाराशीच होता, पात्यावर लाल रंग.

"मावशी, ठेकेदारानं सांगितलं का हे करायला?"

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "म्या तासलं. आन् उरल्याली बी तासनार हाय."

"का पण?"

"मागं एक सायेब आल्ता. तुझ्यावानीच गोड बोलायचा. म्या हात धरून त्याला झाडं दावली. त्यानं आकडं टाकलं. म्हनला, आता ह्यान्ला कोनी हात लावनार न्हाई. उन्हाळ्यात कटर आलं. आकडा बघून बघून पाडली. एक बी चुकलं न्हाई."

"माझे आकडे झाडं वाचवायला आहेत."

"त्यो बी हेच म्हनायचा."

रागारागानं मी रस्त्याच्या कामाच्या कार्यालयात गेले. माझी बाजू खरी आहे, याचा कागद मला मावशींपुढे टाकायचा होता. तिथल्या कारकुनानं फाईल उघडून दिली. 'अडथळा ठरणारी झाडे' अशी यादी होती, आणि खाली माझे आकडे. माझ्याच क्रमानं, माझ्याच नोंदींसह. आयती मोजलेली झाडं मिळाल्यावर पुन्हा कोण मोजत बसणार? आमच्या साहेबांनी ती यादी कुणाला आणि का दिली, हे मला आजतागायत नीट कळलेलं नाही. विचारलं तर ते म्हणाले, "चूक झाली असेल."

मी परत गेले आणि मावशींना सगळं सांगितलं. "बघ, मी म्हणत नव्हते?" असलं काही त्या बोलल्या नाहीत. आतून दुसरा कोयता आणून माझ्या हातात दिला. "मुठीत नीट धर. साल तेवढी काढ, खोल घालू नगं."

पुढे ग्रामसभेनं ही झाडं तोडू नयेत असा ठराव केला. मी लेखी हरकत घेतली आणि माझी नोकरी गेली. रस्ता झालाच. बरीच झाडं गेली, त्यातली काही घरट्यांची होती. पण वळणावर जिथे दोन्ही बाजूंच्या फांद्या एकमेकींत शिरतात, तेवढा पट्टा रुंद न करता सोडला गेला. ठरावाची बातमी घेऊन सरपंच आले, तेव्हाही मावशींनी विचारलं, "सही कोनाची हाय? ती मानसं बदलली की मंग?"

भागामावशी गेल्या पावसाळ्यात वारल्या. त्याआधी, मी वाडी सोडायच्या दिवशी सकाळी, त्या मला काही न सांगता रस्त्यापासून लांब आत घेऊन गेल्या. एका उंच जांभळाखाली बसायला सांगितलं. वर तीन घरटी होती, माझ्या वहीत नसलेली. थोड्या वेळानं फांदी हलली. शेकरू बाहेर आलं, फांदीवर आडवं पसरलं आणि शेपटी खाली सोडून सालीचा तुकडा कुरतडू लागलं. इतक्या जवळून मी ते कधीच पाहिलं नव्हतं. "मावशी, बघा!" असं कुजबुजत मी वळले.

मावशी शेकरूकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.