वरच्या दालनाचा पहारेकरी

‘आवं, भितीकडनं चाला. मदी न्हाई.’

साताऱ्याजवळच्या त्या बंगल्यातलं छोटं संग्रहालय तुम्ही पाहिलं असेल, तर हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. राणीच्या राज्यात कुणा गोऱ्या इंजिनिअरनं बांधलेलं घर. रंगीत काचा, वर लाकडी जमीन. वरच्या दालनाच्या दारात, पलटणीतून निवृत्त झालेला तो पहारेकरी हात आडवा धरून उभा असे. एका वेळी पाचच माणसं सोडायचा, तीही भिंतीला पाठ घासत. एकदा एक नवं जोडपं फोटोसाठी मधे उभं राहिलं, तर म्हणाला, ‘ताई, संसार भितीकडनंच सुरू करा.’

कारण विचारलं की तो नुसता खाली बघायचा. मग कारण मी पुरवलं. मला गप्प बसवत नाही, काय करणार! दालनाच्या मधोमध मडमेचं भूत फिरतं, म्हणून हा तिला वाट सोडतो, अशी गोष्ट मी चहाच्या टपरीवर रंगवली. महिन्याभरात कराड-इस्लामपूरहून लोक गाड्या करून येऊ लागले. मी खूष.

एका दुपारी त्यानं मला खालच्या दालनात नेलं. स्टुलावर चढून किल्ली छताच्या मधल्या तुळईत खुपसली. ती लोण्यात जावी तशी अख्खी आत गेली.

‘वाळवी. तीन अर्ज दिलं. सायेब म्हनतो, तू भुताला भितोस. भुताचं कुनी सांगितलं गड्या त्येला?’

मी काहीच बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या साहेबांसमोर कबूल केलं, भूत माझं आहे, वाळवी खरी आहे. साहेब पोट धरून हसले. ही गोष्ट आधीच्यापेक्षा फर्मास आहे म्हणाले. पुढच्याच आठवड्यात अंधश्रद्धा पसरवतो म्हणून पहारेकऱ्याला काढलं. तो औंधकडच्या आपल्या गावी गेला. जाताना मला म्हणाला, ‘आता तूच सांग. तुझं लोक लय ऐकत्यात.’

परवा शाळेची सहल आली होती. वर दारात कुणी नव्हतं. खाली नवा माणूस काचेच्या कपाटावरची पिवळी भुकटी फडक्यानं पुसत होता. पुसून होईतोवर वरून पुन्हा पडत होती. मी धापा टाकत वर गेलो, पोरांमधे शिरलो आणि बाहेर व्हा म्हणून ओरडलो.

कुणीतरी मला ओळखलं. ‘आरं, भूतवालं काका!’

गोष्ट ऐकायला सगळी पोरं माझ्याभोवती गोळा झाली. अगदी मधोमध.