गच्चीवरची अंबाडी

गच्चीवरचं गांजाचं झाड माझं होतं. भाडेकरूचं नव्हतं. येत्या सोमवारी मला कोर्टात साक्षीला उभं राहायचं आहे, पोलिसांच्या बाजूने, त्याच्याविरुद्ध. त्याआधी हे लिहून ठेवतो.

आमच्या घरी महाशिवरात्रीला पिंडीवर भांग वाहतात. निर्माल्य कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून बायको ते गच्चीवरच्या कुंडीत टाकायची. ती गेल्यावर मीही तसंच करत राहिलो. गेल्या वर्षीच्या भांगेत बी राहिलं असावं. चैत्रात कुंडीत कोंब आले, त्यातला एक जगला. बोटांसारखी पानं फुटली तेव्हाच मी ओळखलं. उपटायला वाकलो आणि तसाच उभा राहिलो. देवाच्या निर्माल्यातून आलंय, उपटायचं कसं, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण गुडघे. ते दुखायचे, रात्र रात्र झोप नसायची. पुढे त्याची पानं दुधात घालून घेऊ लागलो आणि डोळा लागू लागला.

वरच्या खोलीत तेलुगू विणकर नवरा-बायको भाड्याने राहत. तो टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता. मला रोज जिना चढवेना, म्हणून कुंड्यांना पाणी तोच घालायचा. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. तरी तो स्वतःच्या पिंपातलं घालायचा.

“मालक, हे काय लावलंय?” त्याने एकदा विचारलं.

“अंबाडी.” तिचीही पानं अशीच बोटांसारखी असतात.

“अंबाडी व्हय?” तो हसला. “मग भाजी केली की बोलवा आमाला.”

पावसाळ्यात झाड कठड्याच्या वर गेलं. कुणाच्या तरी नजरेत आलं. एका सकाळी हवालदार आले आणि थेट गच्चीवर गेले. मी मागून, भिंत धरत. भाडेकरू बनियनवर दारात उभा होता, मागे त्याची बायको.

“आजोबा, हे कुणाचं?”

मी कठड्याला टेकून गुडघा चोळू लागलो.

“बरं, पाणी कोण घालतं ते तरी सांगा.”

“हे घालतात,” मी म्हणालो. बोटही दाखवलं.

हवालदार म्हणाले, “आपल्या गावात दुसऱ्याच्या झाडाला कोण पाणी घालतंय हो! चल रे, शर्ट घाल.”

मी खोटं बोललो नव्हतो. बरेच दिवस याच वाक्यावर मी तगलो. भाडेकरूने माझ्याकडे बघितलं, वाट बघितल्यासारखं. मग शर्ट आणायला आत गेला.

जामिनावर सुटून आला तोवर कारखान्यात त्याच्या मागावर दुसरा माणूस बसला होता. त्यांनी खोली सोडली. मी थांबा म्हणालो नाही.

परवा समन्स आलं, तेव्हा त्याच्या नव्या खोलीवर गेलो. त्याची बायको दारात भाजी निवडत होती. अंबाडीच होती. तिने मान वर केली नाही.

“झाड माझं होतं,” मी त्याला म्हणालो.

“मला काय सांगताय मालक? तेलुगू माणसाला अंबाडी शिकवता व्हय? आमची रोजची भाजी ती. पयल्या पानालाच कळलं हुतं.”

“मग पाणी कशाला घातलंस?”

“रातचं तुमचं कण्हणं वर ऐकू यायचं. ते थांबलं हुतं.”

“चौकीत का बोलला नाहीस?”

“वाटलं, तुमी बोलाल.” तो उठून उभा राहिला. “आता हितं बोलून काय? ज्यांच्यापुढं बोट दावलं, त्यांच्यापुढं बोला की.”

चहा विचारला नाही. मीही थांबलो नाही.

मुलगा फोनवर म्हणतो, “बाबा, डॉक्टरांचा दाखला जोडा, जाऊच नका. या वयात आत टाकतील.” टाकतीलही. आतली थंड फरशी आणि हे गुडघे डोळ्यांसमोर येतात. पण सरकारी वकील मला पुन्हा तेच विचारणार, पाणी कोण घालत होतं. तो प्रश्न यायच्या आत झाड कुणाचं ते मला सांगून टाकायचं आहे.

कोर्टाची खोली वरच्या मजल्यावर आहे म्हणे. गुडघ्यांना बांधायचे पट्टे सोमवारसाठी काढून ठेवले आहेत.