क्यूबा फिरून आलेला पंडित

जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या आमच्या ऑफिसात पुण्याचाच एक सहकारी होता. क्यूबाच्या समुद्रकिनाऱ्यावर दोन आठवडे लोळून आला आणि स्वतःला क्रांतीचा जाणकार समजू लागला. टी-शर्टवर दाढीवाल्या क्रांतिकारकाचं चित्र आणि कॅन्टीनमध्ये रोज तेच प्रवचन: स्पेनविरुद्धची युद्धं, डोंगरातले बंडखोर, जनतेचा विजय. सगळं हॉटेलच्या गाइडकडून ऐकलेलं.

एकदा समोर यंत्रं तपासायच्या टेस्ट बेंचवरचा, निवृत्तीला आलेला फिटर जेवत होता. तो क्यूबाचाच. तरुणपणी पूर्व जर्मनीत कामगार म्हणून आला आणि इथेच राहिला. तो शांतपणे म्हणाला, "माझ्या भावाला आमच्या सरकारने आफ्रिकेत, अंगोलाच्या युद्धावर पाठवलं. काही वर्षांनी त्याची हाडं पेटीतून आली."

"हो, हो," आमचे पंडित म्हणाले, "पण तिथली माणसं किती आनंदी! आणि त्या जुन्या गाड्या!" आणि मोबाइलवरचा गुलाबी गाडीचा फोटो त्यांनी फिटरच्या ताटावर धरला.

फिटरने तो नीट पाहिला, "छान आहे" म्हणाला आणि बटाटे खाऊ लागला.

मला किळस आली. मी ताट उचलून फिटरशेजारी जाऊन बसलो आणि भावाचं नाव विचारलं. मला नीट उच्चारता येईपर्यंत त्याने ते पुन्हा पुन्हा सांगितलं.