पिवळ्या टाचणीवरचे मोठे सर

आत्या स्टुलावर चढली होती. एक टाचणी दातांत, एक बोटांत, आणि बोर्डाचं काचेचं दार डोक्याने अडवून धरलेलं. मोठ्या सरांचा फोटो ती उतरवत होती. मी खाली उभी. खांद्यावर गुंडाळलेलं बॅनर, आणि त्या बॅनरवरही मोठे सरच.

"स्टूल धर गं, खांबासारखी काय उभी राहिलीस?"

"धरते. पण फोटो का काढतेस? व्याख्यान सोमवारी आहे ना? मी बॅनर घेऊन आलेय."

तिने दातांतली टाचणी काढली. "सर गेले. आज सकाळी. दवाखान्यातून इथे फोन आला, मीच उचलला."

मी काही बोलणार तेवढ्यात मागून होयबा धावत आला. होयबा म्हणजे विभागाचा हेडक्लार्क. हे नाव मीच ठेवलंय. साहेब शिंकले तरी तो 'होय सर' म्हणतो, मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

"मावशी, हात नका लावू! साहेबांनी सांगितलंय, बोर्ड आहे तसा राहू द्या."

"अहो, पण सर गेले."

"ते माहितीय हो. पण जे काय करायचं ते सोमवारनंतर."

"म्हणजे?" मी म्हटलं. "सर पण सोमवारनंतर जाणार का?"

आत्याने वरून माझ्या डोक्यावर टपली मारली. पण फोटो काही परत लावला नाही.

आता आधी माझी आत्या कोण ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल कोण ही स्टुलावरची बाई. विद्यापीठात शेतीच्या अर्थशास्त्राचा विभाग आहे. बाजारभाव का पडतात, पीक साठवायला परवडतं का, दूध विकून हातात काय उरतं, असले विषय. तिथे आत्या शिपाई आहे. फोन उचलते, पाणी ठेवते, हॉल उघडते. सगळे तिला मावशी म्हणतात. म्हणजे माझी आत्या ती जगाची मावशी. मला लहानपणी याचा फार राग यायचा. माझी आत्या मला न विचारता वाटून टाकली होती यांनी.

पण तिचं खरं काम बोर्ड. कॉरिडॉरमध्ये शिरलं की समोरच, लोखंडी चौकटीचा, काचेचा, कुलपाचा. त्याची किल्ली एकच आणि ती आत्याच्या जुडग्यात. घरच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाची किल्लीही हुबेहूब तशीच, म्हणून मी त्या घरच्या किल्लीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलेला. बोर्डावर विभागाच्या बातम्या आणि पुढे होणारे कार्यक्रम. होऊन गेलं ते हिरव्या टाचणीवर, व्हायचं ते पिवळ्या. कार्यक्रम पार पडला की आत्या कागद तोच ठेवते, फक्त टाचणी बदलते. पिवळी काढते, हिरवी लावते. एवढंच. पण त्या एवढ्याशासाठी ती सुट्टीच्या दिवशीही जाऊन आलीय. म्हणते, "झालेलं झालं म्हणून दिसलं पाहिजे. नाहीतर लोक हॉलच्या दारात उभे राहतात येड्यासारखे."

ही पद्धत मोठ्या सरांची. ते विभागप्रमुख होते तेव्हा त्यांनी नियम केला होता, बोर्डावर सगळ्यांची बातमी लागणार. प्राध्यापकाला बक्षीस मिळालं तरी, आणि झाडूवाल्याला नातू झाला तरी. मी पाच वर्षांची असताना आत्याने मला घरी आणलं. माझ्या आईबापाची गोष्ट इथे नको, ती माझी मी बघेन. तर सरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: 'मावशींच्या घरी एक मुलगी राहायला आली आहे. ती सर्वांना जीभ दाखवते. स्वागत.' हिरवी टाचणी. एका बाजूला बटाट्याच्या साठवणुकीवरचं संशोधन, दुसऱ्या बाजूला दुधाच्या भावावरची कार्यशाळा आणि मध्ये मी. आयुष्यात कुठल्या शाळेच्या बोर्डावर माझं नाव लागलं नाही, पण विद्यापीठात बातमी होऊन बसलेय, आहात कुठे!

निवृत्त झाल्यावरही सर दर बुधवारी चर्चासत्राला यायचे. दाराजवळची खुर्ची त्यांची. तिथे मस्त डुलकी काढायचे. पडद्यावर आलेखावर आलेख. सगळं संपलं, टाळ्या झाल्या की डोळे उघडून विचारायचे, "बरं. मग तोटा कोणाचा?" झालं. बोलणारा गारद. पोरं बाहेर येऊन त्यांची नक्कल करायची, पण सर आले नाहीत की चर्चासत्र मिळमिळीत झालं म्हणायची.

आता विभागप्रमुखाच्या खुर्चीवर नवे साहेब. मी त्यांना इस्त्रीसाहेब म्हणते. माणसाला कधी सुरकुती पडलेली बघितलीच नाही. त्यांनी आल्या आल्या सांगितलं, बोर्डावर फक्त विभागाची 'उपलब्धी' लागेल. म्हणजे झाडूवाल्याचा नातू बाद.

तर त्या शुक्रवारी होयबा आम्हाला इस्त्रीसाहेबांच्या खोलीत घेऊन गेला. कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड. शेतीचा विभाग, आणि झाड प्लास्टिकचं! माझं डोकं तिथूनच तापायला लागलं.

"बसा मावशी," साहेब म्हणाले. बसायला खुर्ची नव्हती. "मला काय वाईट वाटत नसेल? माझे गुरू होते ते. पण सोमवारी समिती येतेय विभागाला श्रेणी द्यायला. अहवालात 'आगामी कार्यक्रम' म्हणून आपण हे एकच व्याख्यान दाखवलंय. ते काढलं तर रकाना रिकामा राहतो."

"सर, माणूस गेलाय."

"माणूस गेला, कार्यक्रम नाही गेला. मी आयत्या वेळी सांगतो की प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत. त्यांच्या विषयावर मीच बोलतो. त्यांचा मुलगा परदेशातून मंगळवारी पोचेल, तोवर तसंही बाहेर कोणाला कळणार नाहीये. मग बुधवारी आपण छान शोकसभा घेऊ. तीही अहवालात जाईल."

"म्हणजे एका मरणात दोन कार्यक्रम," मी म्हटलं. "फायद्यात आहे की विभाग!"

साहेबांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "ही कोण?"

"भाची माझी. बॅनरच्या दुकानात असते."

"शिकत नाही?"

"नववीत सोडली," मीच सांगितलं.

"दिसतंच आहे."

आत्या तोपर्यंत खाली बघत होती. ती वर बघून म्हणाली, "ती शिकली नाही ते माझं मी बघते, सर. तुम्ही सरांचं बोला."

"बोललो ना. बोर्डाला हात लावायचा नाही. लावलात तर तुम्हाला स्टोअरला पाठवावं लागेल. तळघरात दमट असतं, तुमचे गुडघे दुखतात, मला काळजी वाटते." असं म्हणून हसले. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं मी नुसती ऐकून होते. बघितली तेव्हा ती कडक कॉलरमध्ये निघाली.

आत्याने मुकाट्याने फोटो परत लावला. पिवळ्या टाचणीवर. सर फोटोत हसतायत, खाली लिहिलंय 'सोमवारी भेटू या'. मला तिथेच काच फोडावीशी वाटली.

घरी येऊन मी बडबड बडबड केली. बॅनर फाडते, समितीला फोन करते, साहेबांच्या गाडीच्या टायरची हवा सोडते. आत्या कपाटातून डाळीचा डबा काढत होती.

"फाडून काय होणार? दुसरं छापतील. तूच छापशील."

"मी नाही छापणार!"

"मग तुझी नोकरी जाईल, आणि दुसरा कोणीतरी वाकडंतिकडं छापेल. सरांचं शेवटचं बॅनर आहे, सरळ लागलेलं बरं."

"तुला राग येत नाही का गं?"

ती डाळ निवडत बसली. खडा बाजूला टाकत म्हणाली, "पोरं येणार आहेत त्यांना ऐकायला. बाहेरगावाहूनही. त्यांची जुनी पोरं, आता केस पांढरे झालेली. ती सरांची वाट बघत बसणार, आणि सर तिकडे दवाखान्याच्या थंड खोलीत. मला रागाचं नाही, त्या पोरांचं वाटतं."

सोमवारी बॅनर मी आणि तिने मिळून लावलं. सरळ लावलं. मी मुद्दाम हॉलमध्ये थांबले, म्हटलं बघू तरी किती निर्लज्ज होतात. हॉल भरला. पायऱ्यांवरही पोरं. समितीची माणसं पहिल्या रांगेत, फाईल मांडीवर. दाराजवळची खुर्ची रिकामी. एक नवीन शिक्षक तिथे बसायला गेला तर आत्या म्हणाली, "मोडकी आहे ती." धडधाकट खुर्ची होती.

इस्त्रीसाहेब माईकपाशी आले. चेहरा एकदम दुःखी. "आपल्याला कळवायला खेद वाटतो की मोठ्या सरांची प्रकृती जरा बरी नाही. पण त्यांनी आजच्या कार्यक्रमाला मनापासून शुभेच्छा पाठवल्या आहेत."

शुभेच्छा! तीन दिवसांपूर्वी गेलेल्या माणसाने!

मी उठणार होते, देवाशप्पथ. तोंडात शिवी तयार होती. पण आत्या आधीच निघाली होती, हातात ट्रे, ट्रेमध्ये पाण्याचा ग्लास. तिचं रोजचंच काम, कोणाचं लक्षही गेलं नाही. तिने ग्लास साहेबांच्या पुढ्यात ठेवला, वर झाकणी ठेवली. आणि माईक तिथेच तोंडाशी होता, म्हणून तिला आवाजही चढवावा लागला नाही.

"सर शुक्रवारी सकाळी गेले."

इतकंच म्हणाली. ट्रे काखेत मारला आणि दाराजवळ जाऊन उभी राहिली.

मग समितीतल्या एक बाई फाईल खाली ठेवून उभ्या राहिल्या. मग पांढऱ्या केसांची ती जुनी पोरं. मग पायऱ्यांवरची. खुर्च्यांचा नुसता खडखडाट, आणि मग सगळे गप्प उभे. इस्त्रीसाहेब आधीच उभे होते, त्यांना करायला काही उरलंच नव्हतं, म्हणून त्यांनी मान खाली घातली. मागे कोणीतरी हुंदका दिला. सगळे बसले तेव्हा त्या समितीच्या बाई साहेबांना म्हणाल्या, "मग शुभेच्छा कधी पाठवल्या त्यांनी?"

साहेब आत्याने ठेवलेलं पाणी प्यायले. सगळं.

आता तुम्हाला वाटेल, साहेबांची गेली. कसली जातेय! समिती जेवली, हात पुसले, निघून गेली. श्रेणी उत्तम मिळाली. विभागाच्या पुढच्या वार्तापत्रात पहिल्या पानावर 'मोठ्या सरांना भावपूर्ण आदरांजली', आणि फोटो कोणाचा? इस्त्रीसाहेबांचा, डोळे मिटलेला. आत्याची बदली स्टोअरला. कारण काय, तर 'कार्यक्रमात व्यत्यय'. मी सांगते, ते बिघडलेले नव्हतेच, ते असेच बनवलेले होते. बिघडलेलं दुरुस्त तरी होतं.

त्या सोमवारी हॉल रिकामा झाल्यावर आत्याने बोर्ड उघडला होता, मी स्टूल धरलं होतं. समितीसाठी चिकटवलेलं सगळं तिने काढून टाकलं. सरांचा फोटो ठेवला. 'सोमवारी भेटू या' कात्रीने कापून टाकलं आणि खाली आपल्या हाताने लिहिलं: 'मोठे सर गेले. बुधवारी दाराजवळची खुर्ची त्यांचीच राहील.' पिवळी टाचणी काढली, हिरवी लावली. दार बंद, कुलूप.

दुसऱ्या दिवशी होयबा बदलीचा कागद घेऊन आला आणि किल्ली मागितली. आत्याने जुडग्यातून काढून दिली. मी ऐकून खवळले. "दिलीस? अशीच? आता काढतील ना ते सगळं!"

"साहेबांनी मागितली, दिली. भात वाढू का?"

त्याच आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार आपोआप उघडायला लागलं. ते कुलूप लावल्याशिवाय राहतच नाही. आत्याने त्याला सुतळी बांधली. मी म्हटलं, "किल्ली कुठाय?" म्हणाली, "गेली असेल कुठेतरी कामाला." मी म्हटलं, म्हातारी झालीस, विसरायला लागलीस. ती म्हणाली, "हो गं बाई," आणि सुतळीला अजून एक गाठ मारली.

बरेच महिने गेले. एके दिवशी होयबा आमच्या दुकानात आला, इस्त्रीसाहेबांच्या सत्काराचं बॅनर टाकायला. थकलेला दिसत होता. स्वतःहूनच रडगाणं लावलं.

"बोर्ड उघडतच नाहीये. किल्ली फिरत नाही. साहेब म्हणतात कुलूप तोडा, पण विद्यापीठाची काच आहे, स्टोअरचा सुतारच लागतो. स्टोअरला फोन केला की मावशीच उचलतात. दर वेळी म्हणतात, सुतार रजेवर आहे. सगळे कार्यक्रम भिंतीला चिकटवावे लागतायत, आणि मध्ये मोठे सर आपले हसतायत तिकडून."

"बघू किल्ली," मी म्हटलं. "गंजली असेल."

त्याने खिशातून काढून काउंटरवर ठेवली. तिच्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका होता.