गणपतमास्तरांनी लिहिलेली प्लेगाची पानं

गणपतमास्तर कुणा मोठ्या माणसाशी बोलून आले की आधी चूळ भरायचे. वाचनालयाच्या दारात माठ असे. तांब्याभर पाणी घेऊन दोनदा खळखळून टाकायचे आणि मग आत येऊन म्हणायचे, "तोंड नासलं बघा."

पंचावन्न-छप्पन साल असावं. इंदापुरातल्या त्या लहानशा वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. पगारी माणूस मी एकटाच, आणि तो पगार अध्यक्षांच्या मर्जीवर. मास्तर अंथुर्ण्याच्या शाळेतून निवृत्त झालेले. वाचनालयाने त्यांना गावाचा इतिहास लिहायला सांगितला होता. ते काम त्यांनी फार मनावर घेतलं. जांभळ्या शाईने भरलेल्या वह्या पिशवीत घालून ते म्हाताऱ्या माणसांच्या ओसऱ्या धुंडाळत. कोण कुठून आलं, बाजार पूर्वी कुठं भरायचा, कुठल्या विहिरीवर कुणाला मज्जाव होता, सगळं विचारत.

"मास्तर, विहिरीचं कशाला लिहिता?" मी एकदा म्हणालो.

"गाव म्हंजे काय नुसतं देऊळ न्हाय," ते म्हणाले. "गटार बी गावातच असतं. त्ये बी लिवायचं."

घोटाळा झाला तो प्लेगाच्या प्रकरणावरून. पन्नासेक वर्षांपूर्वी प्लेग आला, तेव्हा गाव उठून रानात झोपड्यांत गेलं. आजारी माणसं मात्र कितीतरी घरांनी मागेच टाकली. त्यांना पाणी पाजलं, मेलेल्यांना खांद्यावरून नेलं, ते भागूबाईने. ती तमाशात नाचणारी होती. मास्तरांनी तिच्यावर दोन पानं लिहिली होती.

अध्यक्ष आबासाहेबांनी ती वाचली आणि मास्तरांना बोलावून घेतलं. मी तिथेच होतो.

"मास्तर, चांगल्या घरच्या पोरी वाचणार हे. नाचणाऱ्या बाईचं नाव कशाला? आमच्या आजोबांनी केली सेवा, असं लिहा की."

"तुमचं आजोबा पयला उंदीर पडला तवाच पळालं," मास्तर शांतपणे म्हणाले. "आजारी बायकूला आन् तान्ह्या पोराला टाकून. बायकू गेली. पोराला भागूबाईनं शेळीच्या दुधावर जगवलं. त्ये पोर म्हंजे तुमचं वडील, आबासाहेब."

आबासाहेब हसले. चहा मागवला. "छापू, जसंच्या तसं छापू," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नवी दोन पानं दिली. भागूबाई गेली होती, तिच्या जागी आजोबा आले होते. "मास्तरांना उगाच त्रास नको. बारामतीला छापखान्यात तुम्हीच जा," ते म्हणाले. माझ्या घरी दोन लहान मुली होत्या. मी एस.टी.त बसलो आणि बारामतीला गेलो. दिवसभर छापखान्यात बसून प्रुफं तपासली.

पुस्तकाचा समारंभ थाटात झाला. मास्तरांना शाल दिली, हार घातला. पुस्तक हातात आलं तसं त्यांनी प्लेगाचं पान काढलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा घाण वास आल्यासारखा झाला. ते ध्वनिक्षेपकापाशी गेले. "ह्यातली दोन पानं माझी न्हाईत," म्हणाले, आणि भागूबाईची हकिगत सांगू लागले. कुणीतरी ध्वनिक्षेपक बंद केला. मास्तर तसेच मोठ्याने बोलत राहिले.

"मास्तरांचा बाईवर लईच जीव होता वाटतं!" पुढच्या रांगेतून आवाज आला. सगळे हसले. कोटातले वकील हसले, शाळेचे हेडमास्तर हसले. पेढ्याचं ताट तेवढ्यात फिरू लागलं होतं. हसणाऱ्या तोंडांतून पेढ्याचा चुरा उडत होता.

मास्तर थांबले. हसणं ओसरेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "माझ्या आयेचं मढं तिनं पाठीवर नेलं. भाऊबंद लांब हुबं व्हतं. मी सात वर्सांचा व्हतो."

आबासाहेबांनी बँडवाल्यांना खूण केली. बँड वाजू लागला.

त्या माणसांची मला आजही शिसारी येते. पण त्यांच्यात मीही एक पेढा हातात धरून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आपल्या वह्या न्यायला आले. मी त्या दोरीने बांधून समोर ठेवल्या. त्यांनी खिशातून ते पुस्तक काढलं.

"ह्याची प्रुफं कुणी बघितली?"

"मी," मी म्हणालो.

मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्यांनी चष्मा लावला, ते पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"'शुश्रूषा'. भलेभले चुकत्यात ह्या शब्दाला. तुमी बराबर छापलाय," ते म्हणाले. वर्गातल्या हुशार मुलाला शाबासकी द्यावी, तसा त्यांचा आवाज होता.

पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून, वह्या काखेत मारून ते पायऱ्या उतरले. पुढे दोन वर्षांनी ते गेल्याचं मला वर्तमानपत्रातून कळलं.