आमच्या वीरबाबांची उरलेली अक्षरं

रविवारी आमच्या बुऱ्हाणपूरच्या घरी, देवघरात चक्क एक रोमन राजा निघाला... थट्टा नाही, खरंच सांगतेय.

इंदूरहून माझा मावसभाऊ सुहास आला होता. त्याला जुन्या नाण्यांचं भारी वेड. सासूबाईंची पूजा चालू होती, त्यांनी वीरबाबांना ताम्हनात घेतलं आणि हा पठ्ठ्या पोहे टाकून तिथेच जाऊन बसला.

वीरबाबा म्हणजे आमच्याकडचा पूर्वजांचा देव... मुखवटा उठवलेला छोटासा गोल टाक. आजेसासऱ्यांना शाहपूरच्या शेतात नांगरताना मिळालेला. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्याला रोज आंघोळ, आणि सणावाराला चिंच लावून लख्ख!

सुहासने भिंग लावून कडेची अक्षरं वाचली. हे रोमचं काशाचं नाणं आहे, दीड हजार वर्षांहून जुनं, म्हणाला. सुरुवातीची दोन अक्षरं म्हणजे 'आमचे स्वामी', शेवटची तीन म्हणजे सम्राटाची पदवी. मधलं राजाचं नाव मात्र घासून पार सपाट झालेलं. उरलेली अक्षरं वाचवायची तर याला आता पाणी नको, असं तो चाचरतच बोलला.

एक तर देव रोमन निघाला, वर त्याची आंघोळ बंद! आंघोळ न झालेल्या देवाला सासूबाई नैवेद्य दाखवत नाहीत.

पण त्या रागावल्या नाहीत. नाणं तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिल्या.

"इतक्या लांबून आमच्या घरी आला बिचारा... आणि मी रोज न्हाऊ घालून घालून त्याचं नावच पुसून टाकलं रे भाऊ."

त्यांचे डोळे भरले होते.

मग त्या उठल्या, डब्यातून एक सुपारी आणली आणि ताम्हनात ठेवली. "फोटोतल्या देवाची आंघोळ सुपारीला चालते, तर यांची का नाही चालणार? आणि स्वामी लिहेल आहे ना त्यावर... मग देवघरातून हलायचे नाहीत ते."

आता रोज सुपारी न्हाते आणि वीरबाबा कोरड्या कापडावर बसून नैवेद्य घेतात. आज सकाळी सासूबाईंनी चष्मा लावून ती पाच अक्षरं माझ्याकडून पुन्हा वाचून घेतली, हात न लावता.

ज्याचं नावही ठाऊक नाही अशा परक्या राजाला इतक्या मायेने जपणारी बाई... तिच्या घरची सून झाले, नशीब काढलं मी.